सोनाराने आधी ओळखलेला पारा

माझ्या अनामिकेतली सोन्याची अंगठी एका बाजूने पांढुरकी पडू लागली, तेव्हा मला वाटले की सोन्यातच खोट असावी. सोनाराने ती भिंगाखाली धरली, कडेने नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाला, "ताई, याला पारा लागला आहे. तुम्ही काम कुठे करता?" भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे असे मी सांगितल्यावर त्याला काही विशेष वाटले नाही. कामाच्या वेळी अंगठी काढून ठेवत जा, एवढे त्याने बजावले. त्या दिवसापासून मी अंगठी काढून ठेवू लागले. पण जो पारा सोन्याला लागला तो मलाही लागत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. पुढच्या सुमारे तीन वर्षांत मी चार डॉक्टरांकडे गेले, प्रत्येकाला झोपेचे, हिरड्यांचे, हातांचे सारे सांगितले, आणि अंगठीबद्दल मात्र आपणहून एकालाही सांगितले नाही, कारण अंगठी हा दागिन्याचा विषय आहे, आजाराचा नव्हे, असेच मी धरून चालले होते.

हे सविस्तर लिहिते आहे ते त्या तीन वर्षांमुळे. पाऱ्याची विषबाधा दुर्मीळ असल्यामुळे उशिरा कळते हे खरे आहे, पण माझ्या बाबतीत ती उशिरा कळण्याचे मोठे कारण असे होते की माझ्या कामाची जागा आणि माझे शरीर या दोन गोष्टी कोणीही एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या, आणि त्यात मीही आले.

त्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षे होते. वायुदाबमापक, बॉईलच्या नियमाच्या नळ्या, जुने तापमापक, विद्युत्‌संपर्कासाठी पारा भरलेल्या लाकडी वाट्या, अशा कितीतरी वस्तूंमध्ये पारा होता आणि तो वरचेवर मळत असे. मळलेला पारा स्वच्छ करण्याची रीत मला आधीच्या सहायकांनी शिकवली होती: गाळणकागदाचा शंकू करायचा, त्याच्या टोकाला टाचणीने छिद्र पाडायचे आणि वरून पारा ओतायचा. चकचकीत धार खाली पडते आणि काळपट साय कागदावर राहते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो, त्यामुळे छोटी बाटलीदेखील दोन्ही हातांनी उचलावी लागते, आणि धार नीट पडते की नाही हे पाहायला चेहरा अगदी जवळ न्यावा लागतो. मी दर आठवड्याला तासभर अशी वाकून बसत असे. सांडलेले थेंब केरसुणीने सुपलीत भरले जात. फुटलेल्या तापमापकांचे तुकडे मेजाच्या एका खणात टाकले जात, कारण ते कुठे टाकावेत हे कोणाला माहीत नव्हते. धूळ येते म्हणून खिडक्या बंद असत.

पाऱ्याबद्दल माझ्या मनात एक चुकीची भीती आणि एक चुकीचा निर्धास्तपणा होता. भीती होती ती पोटात जाण्याची. प्रत्यक्षात तापमापकातला धातुरूप पारा गिळला गेला तर आतड्यातून त्याचा अत्यल्प अंश, साधारण हजारात एका भागाहूनही कमी, रक्तात उतरतो आणि बाकीचा विष्ठेवाटे निघून जातो. म्हणून मुलाने तापमापक चावला तर काचेच्या तुकड्यांची काळजी आधी करावी लागते. निर्धास्तपणा होता तो श्वासाबद्दल. पारा खोलीच्या तापमानालाच हळूहळू उडत असतो, त्याच्या वाफेला रंग नाही आणि वासही नाही, आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसातून थेट रक्तात जाते. बंद जागेत २० अंश सेल्सिअसला हवा या वाफेने पूर्ण भरली तर दर घनमीटरला साधारण १३ मिलिग्रॅम पारा तीत मावतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या तेरा हजारांश. एक मोठा थेंब एका जागी शांत पडलेला असतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग लहान असतो. तोच केरसुणीने फोडून शेकडो बारीक मणी केले, फरशीच्या भेगांत ढकलले, की वाफ सुटण्याची जागा कित्येक पटींनी वाढते. आम्ही चौदा वर्षे नेमके तेच करत होतो.

पहिली गेली ती झोप. रात्री दोनला डोळे टक्क उघडत आणि पहाटेपर्यंत मिटत नसत. मग तोंडात नाणे धरल्यासारखी चव राहू लागली, हिरड्या सुजल्या, दात घासताना रक्त येऊ लागले आणि लाळ एवढी सुटे की उशी ओली होई. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्या साफ करून दिल्या. दोन महिन्यांत पुन्हा तेच. या सगळ्यापेक्षा मला अधिक छळले ते स्वभावातल्या बदलाने. मी मुळात बोलकी. वर्गभर विद्यार्थ्यांना न बिचकता सूचना देणारी. आता कोणी माझ्याकडे पाहत असेल तर मला हातातले काम करता येईना, कान तापत, शब्द अडकत, आणि घरी आल्यावर क्षुल्लक गोष्टीवरून मी ओरडत असे. "आई, तुझा पारा हल्ली किती पटकन चढतो," असे माझी मुलगी म्हणाली होती. ते वाक्य आता आठवले की पोटात कालवते, कारण तिने सहज वापरलेला तो शब्द अक्षरशः खरा होता.

या लाजाळू, बुजऱ्या, चिडक्या अवस्थेला वैद्यकात इरेथिझम असे जुने नाव आहे. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८६१ साली आरशांच्या कारखान्यांतल्या कामगारांचे जे वर्णन केले, त्यात हीच लक्षणे आहेत. त्या काळी आरशाच्या पाठीला पारा आणि कथिल यांचा लेप देत असत. फेल्टच्या, म्हणजे प्राण्यांचे केस दाबून केलेल्या कापडाच्या, टोप्या बनवणारे कामगार केस एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून पाऱ्याचा नायट्रेट वापरत, आणि अमेरिकेतल्या डॅनबरी या टोप्यांच्या गावात त्यांच्या हातांच्या कंपाला त्या गावाचेच नाव पडले होते. तिथे ही पद्धत थेट १९४१ पर्यंत चालू राहिली. हिरड्यांची सूज, हातांचा कंप आणि स्वभावातला बदल, हे त्रिकूट दीडशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत नोंदलेले आहे. मात्र रुग्ण हिरड्या दंतवैद्याला दाखवतो, कंप मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवतो आणि स्वभाव कोणालाच दाखवत नाही.

मला डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. पहिल्यांनी थायरॉईड तपासले, आणि ते योग्यच होते: थरथर, घाम, धडधड, उतरलेले वजन, उडालेली झोप हे सारे वाढलेल्या थायरॉईडसारखे दिसते. अहवाल चांगला आला. दुसऱ्यांनी माझे वय विचारले आणि पाळी जाण्याचा काळ आहे असे सांगितले. तिसऱ्यांनी चिंतेवरच्या गोळ्या दिल्या, त्यांनी झोप थोडी सुधारली आणि त्यामुळे निदान बरोबर आहे असा सर्वांचा समज झाला. प्रत्येकाचा तर्क आपापल्या जागी सुसंगत होता. कोणीही "दिवसाचे आठ तास तुम्ही कोणत्या हवेत बसता?" असे मात्र विचारले नाही.

चौथे डॉक्टर व्यावसायिक आरोग्याचे जाणकार होते. त्यांनी रक्तदाब पाहण्याआधी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि आतून बाहेर जाणारी एक चक्राकार रेघ काढायला सांगितली. रेघ करवतीच्या दात्यांसारखी निघाली. मग त्यांनी नाव लिहायला सांगितले, आणि आपण काय काम करता हे विचारून झाल्यावर म्हणाले, "आता डोळे मिटा आणि सकाळी खोलीचे दार उघडल्यापासून कशाकशाला हात लावता ते क्रमाने सांगा." मी सांगत गेले. गाळणकागदाच्या शंकूपर्यंत आले तेव्हा त्यांनी लिहिणे थांबवले. "अंगठी घालता का?" त्यांनी विचारले. मी रिकाम्या बोटाकडे पाहिले आणि सोनाराचे वाक्य मला तीन वर्षांनी ऐकू आले.

त्यांनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली, तीही धातूंच्या तपासणीसाठी मुद्दाम स्वच्छ केलेल्या प्लास्टिकच्या बरणीत. कोणत्या पाऱ्यासाठी काय तपासायचे हे इथे फार महत्त्वाचे ठरते, आणि यातच पुष्कळ लोक चुकतात. धातुरूप पाऱ्याची वाफ आणि पाऱ्याचे क्षार यांचा साठा मुख्यतः मूत्रपिंडांत होतो, म्हणून त्यांच्यासाठी लघवी तपासतात आणि ती किती पातळ आहे याचा फरक पडू नये म्हणून क्रिएटिनिन या, लघवीतून रोज जवळपास सारखेच बाहेर पडणाऱ्या, द्रव्याच्या प्रमाणात आकडा काढतात. माशांमधून येणारा मेथिल पारा मात्र लघवीत फारसा उतरत नाही. तो तांबड्या पेशींत आणि केसांत सापडतो, म्हणून त्याच्यासाठी रक्त किंवा केस. मोठे, दीर्घायुषी, इतर मासे खाऊन जगणारे मासे, जसे शार्क किंवा तलवार मासा, भरपूर खाणाऱ्याच्या रक्तात पारा जास्त दिसेल आणि लघवी स्वच्छ असेल; माझ्यासारखीचे उलटे. माझा आकडा एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ११२ मायक्रोग्रॅम आला. पाऱ्याशी कामाचा संबंध नसलेल्या बहुतेक माणसांत तो ५ च्या खाली असतो, आणि कामगारांसाठीही २० ही सावधगिरीची रेषा मानली जाते.

खोलीतली हवा मोजणारे यंत्र दोन दिवसांनी आणले गेले. माझ्या खुर्चीशी, नाकाच्या उंचीवर, ते दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम दाखवत होते. फुटक्या तापमापकांचा खण उघडल्यावर आकडा एकदम तीनशेच्या पुढे गेला आणि यंत्र चालवणाऱ्या मुलाने खण पटकन लोटून दिला. त्या खणावरच मी चौदा वर्षे डबा ठेवत होते.

पारा शरीरात काय करतो हे मला त्यानंतर नीट वाचावे लागले. वाफेचे अणू विद्युत्‌भाररहित असतात, त्यामुळे ते पेशींच्या पडद्यांतून आणि मेंदूभोवतीच्या अडसरातून सहज पार होतात. आत गेल्यावर कॅटलेज नावाचे विकर (एन्झाइम) त्यांना भारित आयन बनवते, आणि भारित झालेला पारा आता तितक्या सहजतेने बाहेर पडू शकत नाही. तो प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतो आणि ज्या विकरांचे काम त्या गटांवर चालते त्यांना निकामी करतो. गंधकाबद्दलच्या याच ओढीवर त्याची औषधेही बेतलेली आहेत.

पाऱ्याच्या निरनिराळ्या रूपांची गल्लत करू नये, एवढे इथेच सांगते. १९९६ च्या ऑगस्टमध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमेथिल पाऱ्याचे थोडेसे थेंब पडले, ते लॅटेक्सच्या मोज्यातून आरपार गेले, पहिली ठळक लक्षणे काही महिन्यांनी, १९९७ च्या सुरुवातीस दिसली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला मेथिल पारा माशांवाटे माणसांत गेला. त्या आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली आणि सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. ही सेंद्रिय रूपे आहेत. त्यांत दृष्टीचे क्षेत्र आक्रसणे, बधिरता, तोल जाणे, ऐकू कमी येणे ही लक्षणे पुढे येतात, आणि झालेली हानी बहुधा भरून येत नाही. तापमापक फुटला म्हणून वेटरहान यांची गोष्ट आठवून रात्रभर जागणाऱ्या आईला हा फरक माहीत असायला हवा. धातुरूप पाऱ्याने झालेली बाधा वेळेत ओळखली आणि स्रोत तुटला तर पुष्कळ अंशी ओसरते.

क्षाररूप पारा आज घरात शिरतो तो बहुधा गोरेपणाच्या मलमांतून. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होणे अडवतो, म्हणून ही मलमे खरोखर रंग उजळवतात आणि म्हणूनच ती विकली जातात. पाऱ्याच्या वापरावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने सौंदर्यप्रसाधनांत आधी दहा लाखांत एक भाग ही सीमा घातली होती, पण बेकायदा मलमांत त्याच्या हजारो पट पारा सापडला आहे. अशी मलमे लावणाऱ्यांची मूत्रपिंडे लघवीत प्रथिने सोडू लागतात, पायांवर सूज येते, लघवीला फेस येतो; आणि मलम न लावणाऱ्या घरातल्या बाळालाही टॉवेल, उशी, आईचे गाल यांवाटे पारा मिळतो. लहान मुलांत तो वेगळाच वेश घेतो: तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलतात, मूल सतत घामेजलेले, रडवे, उजेड न सोसणारे बनते, आणि रक्तदाब इतका चढतो की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या गाठीचा संशय घेतला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दात येतानाच्या भुकट्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड, घालत असत. त्या भुकट्या १९५० च्या दशकात बाजारातून गेल्या आणि "गुलाबी रोग" म्हणून ओळखला जाणारा तो आजार त्यांच्यामागोमाग जवळपास नाहीसा झाला. बाधेचा स्रोत काढून घेणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या उपचाराचा पहिला भागही तोच होता. ज्या दिवशी अहवाल आला त्या दिवसापासून मी त्या खोलीत पाऊल टाकले नाही. कामाच्या चपला, दोन अंगरखे आणि कापडी पिशवी प्लास्टिकमध्ये बांधून धोकादायक कचऱ्यात गेली, कारण पारा शिवणीत आणि तळव्याच्या खाचांत बसतो आणि घरी येतो. ते कपडे यंत्रात धुतले असते तर यंत्रही गेले असते. माझ्या मुलीची तपासणी केली. तिचा आकडा २ आला तेव्हा मी प्रथमच रडले.

मग औषध. डीएमएसए या औषधात गंधकाचे दोन गट असतात, ते पाऱ्याला धरतात आणि लघवीवाटे बाहेर नेतात. कॅप्सूल उघडताना नासक्या अंड्यासारखा वास येतो, तो घामालाही येतो, आणि जेवणाची इच्छा जाते. मला एकोणीस दिवसांच्या दोन फेऱ्या दिल्या, मध्ये दोन आठवड्यांची विश्रांती. दर आठवड्याला पांढऱ्या पेशी आणि यकृत तपासले जात होते, कारण औषधाने दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांनी आधीच बजावले होते की हे औषध शरीरातला साठा कमी करते, पण मेंदूत जे होऊन गेले ते पुसते असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा औषधाकडून चमत्काराची वाट पाहू नका. दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या विषारी वायूवर उतारा म्हणून तयार झालेले डायमरकॅप्रॉल हे जुने औषध क्षारांच्या तीव्र बाधेत वापरतात, पण ते पारा मेंदूकडे ढकलू शकते, त्यामुळे वाफेच्या किंवा मेथिल पाऱ्याच्या बाधेत ते टाळतात. कोणत्या रूपाला कोणते औषध, हे ठरवणे घरी बसून करण्याचे काम नाही.

आकडे असे उतरले: चार महिन्यांनी ३४, आठ महिन्यांनी ११, चौदाव्या महिन्यात ४. शरीरातला असा पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे औषध घेतले नसते तरी खोली सोडल्याने आकडा उतरलाच असता. माणूस मात्र आकड्याच्या वेगाने बरा होत नाही. हिरड्या सहा आठवड्यांत शांत झाल्या. तोंडातली चव एके दिवशी सकाळी गेलेली आढळली. झोप चौथ्या महिन्यात परतली. लोकांसमोर बोलण्याचा संकोच जायला वर्ष लागले, आणि तो गेला तेव्हा मला कळले की तो माझा स्वभाव कधीच नव्हता. हात सर्वांत मागे राहिले. मी रोज संध्याकाळी एक पान चक्राकार रेघा काढत असे आणि त्यावर तारीख घालत असे. ही पाने मी जपली आहेत, कारण ज्या आठवड्यात मला काहीच सुधारणा वाटत नसे त्या आठवड्यात मागच्या महिन्याचे पान पाहिले की करवतीचे दाते बोथट झालेले दिसत.

सातव्या महिन्यात माझा धीर सुटला होता. थकवा जात नव्हता आणि मी एका उपचारकेंद्रात गेले, जिथे शरीरातले सर्व धातू काढून देण्याचे आश्वासन होते. त्यांनी आधी धातू खेचणारे औषध दिले, मग सहा तासांची लघवी घेतली आणि लाल पट्ट्यांचा आलेख माझ्यापुढे ठेवला. तो आलेख पाहून माझे हातपाय गार पडले. माझ्या डॉक्टरांनी तो दोन मिनिटांत बाजूला ठेवला: असे औषध दिल्यावर कोणाच्याही लघवीत पारा वाढतोच, आणि औषधानंतरच्या आकड्याची तुलना औषध न घेतलेल्या माणसांच्या मर्यादेशी करणे म्हणजे धावून आलेल्या माणसाची नाडी मोजून त्याला हृदयरोगी ठरवणे आहे. त्या केंद्राने सुचवलेले, ईडीटीए या धातू बांधणाऱ्या औषधाचे शिरेतले उपचार पाऱ्यावर उपयोगाचे नाहीत, आणि त्याच्या एका प्रकाराने रक्तातले कॅल्शियम घसरून २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत तीन माणसे दगावल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने केलेली आहे. कोथिंबिरीचा रस आणि शेवाळाच्या गोळ्या यांनी माणसाच्या मेंदूतला पारा निघतो याला विश्वासार्ह पुरावा नाही. थकलेल्या माणसाची आशा विकत घेणारा हा व्यवहार मला फार क्रूर वाटतो. दातांतल्या चांदीसारख्या भरावांत निम्मा पारा असतो हे खरे आहे, पण शाबूत भराव घाईने कोरून काढताना वाफेचा मारा उलट वाढतो. माझे दोन भराव मी डॉक्टरांच्या सल्ल्याने तसेच ठेवले.

घरी तापमापक फुटला तर काय करावे, हे मला आता वारंवार विचारतात. त्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. मुलांना आणि जनावरांना बाहेर काढावे, खिडकी उघडावी, खोलीचे आतले दार लावावे. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर यांना हात लावू नये. व्हॅक्यूम क्लीनर पारा तापवून घरभर फवारतो. ताठ पुठ्ठ्याने मणी एकमेकांकडे लोटले की ते आपणहून एक होतात, मग ड्रॉपरने उचलावेत, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, आणि सारे झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत घालून धोकादायक कचऱ्यात द्यावे. मोरीत ओतू नये. काळोख करून विजेरी जमिनीलगत आडवी धरली तर राहिलेले कण चमकतात. माझी अंगठीही अशाच एका बाटलीत बंद आहे. ती तापवली तर पारा उडून जाईल आणि सोने परत पिवळे होईल, पण तो उडालेला पारा कोणाच्या तरी श्वासात जाईल.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी पाऱ्याच्या झडपा आणि पंप वापरून बोरॉनवर वर्षानुवर्षे काम केले आणि डोकेदुखी, विसरभोळेपणा, मनाची मरगळ सोसली. कारण उमगल्यावर त्यांनी १९२६ साली स्वतःची लक्षणे छापून प्रसिद्ध केली, जेणेकरून इतर प्रयोगशाळांतली माणसे सावध व्हावीत. मी ते वाचले तेव्हा प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदवह्या मागवून घेतल्या. माझी सही सहाव्या वर्षापासून डळमळू लागलेली दिसली. त्याही मागे गेले तर माझ्या आधीच्या सहायकांच्या सह्या लागल्या, आणि त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांत तीच थरथर होती. मला शंकू करायला शिकवणारे ते हेच. ते चिडके म्हणून प्रसिद्ध होते, विद्यार्थी त्यांची नक्कल करत, आणि लोकांत मिसळणे त्यांनी सोडूनच दिले होते.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांना ती खोली सोडून पंधरा वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांची तपासणी स्वच्छ आली. इतक्या वर्षांनी लघवीत काही सापडणारही नव्हते. हात अजून कापत होते. मी नोंदवहीच्या पानांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. ते काही बोलले नाहीत. काकूंनी चष्मा लावला, पाने एकेक करून उलटली, आणि एका सहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथपासून यांना झोप लागेनाशी झाली होती."